दाजींचा बिनबटणांचा ट्रंपेट

आमच्या मरोळच्या चाळीत सकाळी नळाला पाणी आलं की दाजी तावडे सगळ्यांच्या आधी ट्रंपेटला आंघोळ घालायचे. वरून चिंच, पोटातून ओला बोळा. मागे हंड्यांची रांग.

"दाजी, पोरांचे डबे राहिलेत हो!"

"म्हातारो आसा तो. म्हाताऱ्याक घाई करूची नाय."

काकी दारातून म्हणायच्या, "ह्येनी कधी माजी पाठ चोळूक नाय!"

कुर्ल्याच्या भंगारातून उचललेला तो ट्रंपेट जुना, विलायती, लांबलचक आणि बिनबटणांचा. दाजींनी चिरा झाळल्या, आत गोळी फिरवून पोचे काढले. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.कॉम., तेव्हा सल्ला देणं माझा हक्कच.

"दाजी, बटणं बसवा ना. आमच्या कंपनीच्या वर्कशॉपात झकास करून देतील."

"आज्याच्या धोतराची पॅन्ट शिवतलंस काय रे?"

मग व्याख्यान. बटणं फार मागाहून आली. आधी हा राजाच्या पदरी. स्वारी निघाली की वर्दी द्यायची. पुढे ऑर्केस्ट्रात घेतला, तोही पाठीमागे, नगाऱ्यांशेजारी. सूर मोजकेच. "पण ते इले काय, अख्खो हॉल ताठ बसायचो!"

दाजी स्वतः गोरेगावच्या स्टुडिओत ट्रंपेट वाजवायचे. मग कीबोर्ड आला. एकटा पोरगा बोटांनी अख्खा ऑर्केस्ट्रा काढू लागला आणि दाजींना बोलावणं बंद झालं. तरी ते रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत. खालच्या वाण्याचा फोन वाजला की मान कठड्याबाहेर. त्यांना फक्त एकदा, पुन्हा सगळ्यांच्या मागे बसून वाजवायचं होतं.

"एकटेच वाजवा ना, यार," मी म्हटलं.

"एकट्यान वाजवली ती वर्दी. म्युझिक न्हय."

ट्रंपेट तयार झाला तो रविवार. चाळ गॅलरीत जमली. दाजी खुर्चीत ताठ बसले आणि त्यांनी सूर लावला. मोजकेच सूर, पण अंगावर काटा आला. मग त्यांनी ट्रंपेट मांडीवर ठेवला, डोळे मिटले. आम्ही टाळ्या पिटल्या.

दाजींनी हात वर केला. "वायच थांबा रे. अजून व्हायोलिनां वाजतत."

आम्ही हात आवरले. आत काकींचा स्टोव्ह फुरफुरत होता. त्यांनी तो हळूच बंद केला.