बैठकीच्या खोलीतला सर्व्हर

बायकोचं शिवणकामाचं दुकान आहे. गिऱ्हाइकांची मापं ठेवायला सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं तेव्हा ती म्हणाली, "क्लाउडवालं घेऊ. आपल्याला काही सांभाळावं लागत नाही."

मी बावीस वर्षं ऑफिसात फायली सांभाळलेला माणूस. म्हटलं, "आपल्या गिऱ्हाइकांच्या कमरा परक्याच्या कॉम्प्युटरवर कशाला? सर्व्हर आपल्या घरातच हवा." (सर्व्हर म्हणजे नक्की काय, हे मला तो घरी आल्यावर कळलं.) बसवला टीव्हीशेजारी. दुकानातून मापं दिसायची. महिनाभर सुरळीत चाललं. मग सासरे राहायला आले.

त्या शनिवारी दुपारी मी दुकानात होतो. परगावच्या एका नवरीचा ड्रेस पाचच्या कुरियरने जायचा होता. बाह्या तेवढ्या राहिल्या होत्या आणि मापं उघडेनात.

"अहो, तुमचा सर्व्हर झोपलाय," बायको म्हणाली.

घरी फोन लावला, सासरे उचलेनात. धावत गेलो, तर दाराला आतून कडी. बेल दाबून दाबून अंगठा दुखला. शेवटी मागच्या बाजूने बाथरूमच्या खिडकीतून आत शिरलो. म्हणजे छातीपर्यंत शिरलो. पोट यायला तयार होईना. बाहेर राहिलेल्या खिशात फोन वाजत होता आणि हात आत होते.

तेवढ्यात सासरे तोंड धुवायला आले.

"जावईबापू, दाराने यायचं की."

"बेल वाजवली होती, बाबा."

"तेल? आणतो."

आणि आणलं. अर्धी बाटली माझ्या कमरेभोवती ओतली. (चिडायला हवं होतं, पण त्यानेच सुटलो.)

सर्व्हरची पिन काढून तिथे त्यांनी कानाचं यंत्र चार्जिंगला लावलं होतं. मी पिन परत लावली, सर्व्हर घरघरला, बायकोला फोन केला.

"सांग, कुठलं माप हवंय?"

"बाह्या लावून झाल्या. नवरीलाच फोन केला, तिने टेप लावून दोन मिनिटांत सांगितलं. तुम्हाला तीनदा फोन केला."

"मी खिडकीत अडकलो होतो. पँट फाटली."

"बरं, नवी शिवते. थांबा, तुमचं माप बघते." कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग म्हणाली, "अहो, ह्यात तुमची कंबर बत्तीस दाखवतंय. सर्व्हर बिघडला का?"

ते माप मीच भरलं होतं.

"हो," मी म्हटलं, "पार बिघडलाय. क्लाउडवालंच घेऊ."