बोलणं बंद असलेल्यांचं नाटक

मी बी.ए. झालो तो सखारामजींमुळे. पिंपळगाव राजा इथे त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं, पण जीव सगळा गावच्या नाटकात. पात्रं निवडताना ते आवाज बघत नसत, उंची बघत नसत. येईल त्याला एकच विचारत, "सध्या कोनासंग बोलनं बंद हाये तुयं?"

"कोनासंगच नाई, सखारामजी."

"मंग काय कामाचा बे तू? पडदा ओढ!"

भांडलेल्यांना मात्र समोरासमोरची कामं. बांधावरून एकमेकांची डोकी फोडलेले दोघे एका वर्षी नवरा-बायको झाले होते. सखारामजींचा स्वतःचाही धामणगाव बढे गावात राहणाऱ्या थोरल्या भावाशी अबोला होता. तो विषय कोणी काढत नसे.

मॅट्रिक झाल्यावर मीही गेलो. म्हणालो, "पाटील आमच्या वस्तीसंग बोलत नाहीत."

"कवापासून बंद हाये?"

"सुरूच झालं नव्हतं जी."

सखारामजींचे डोळे चमकले. पाटील राजा, मी राजपुत्र!

नाटकाच्या शेवटी मेलेल्या राजपुत्राचं डोकं राजाने मांडीवर घ्यायचं होतं. तालमीत पाटील पाच हातांवरूनच रडत. सखारामजी ओरडत, "पोरगं मेलं हाये, पाटील! तार वाचून दाखवल्यावानी काय रडता?"

प्रयोगाला पाटील खाली बसले, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि वाक्यच विसरले. माझ्या कपाळावरचे केस बाजूला करत पुटपुटले, "आता काय म्हनू बे?"

मेल्या मेल्या मी वाक्य सांगितलं. गाव हसलं, पाटीलही हसले. पुढे खामगावला कॉलेजात होतो तेव्हा मी पाटलांच्याच तिथल्या खोलीवर राहिलो.

एकदा पाटलांनीच सखारामजींना विचारलं, "आमाले जोडलं, मंग सख्ख्या भावासंग अबोला काऊन?"

सखारामजी पडद्याच्या घड्या घालत होते. "त्याले नाटकाचा नाद नाई," म्हणाले. घडी चुकली. पडदा पुन्हा उलगडला.

यंदा मी धामणगावच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. परवा त्यांना पत्र टाकलं:

"सखारामजींना सा. नमस्कार. इथे दोन भावांचं नाटक बसवतो आहे. थोरल्याचं काम तुमचे दादा करतात. धाकट्याची वाक्यं मी वाचतो, पण ते माझ्याकडे बघत नाहीत. तुम्हाला बोलवू का म्हटलं, तर 'मले काय इचारतं?' म्हणून उठून गेले. काल मात्र धाकट्याच्या अंगरख्याचं माप शिंप्याला त्यांनीच सांगितलं. म्हणाले, 'डावी बाही बोटभर आखूड ठेवजो. लहानपनी हात मोडला होता त्याचा.'"