गवार फादर आणि नतालीनमावशी

आमच्या चर्चमध्ये नवे फादर आले की गावातले लोक त्यांचं नाव विचारतात. नतालीनमावशी मासा ठरवते.

मावशी चर्चच्या बंगल्यात स्वयंपाक करते. बंगला म्हणजे फादरांचं राहायचं घर. माझं ऑफिस त्याच्याच पुढच्या खोलीत आहे. मी भाईंदरच्या इंद्रलोकमध्ये राहते, आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. चर्चमध्ये मराठी आणि इंग्रजी टायपिंग येणारी बाई पाहिजे असं कुणीतरी सांगितलं, मी आले आणि राहिले. पहिल्याच दिवशी मी दाखले टाइप करत बसले होते, तर मावशी हात पुसत दारात आली. काळी, ठेंगणी, कानात जड सोनं, केसांत अबोली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "मुडदुशी."

मला वाटलं शिवी दिली. शिवी नव्हती, माझं माप होतं ते. मुडदुशी म्हणजे बारीक, साधी, चवीला बरी, पण लोक आधी पापलेटच उचलतात.

असे तिने सगळ्यांचे मासे ठरवून ठेवलेत. आधीचे एक फादर पापलेट होते, गोरे, गोल आणि प्रवचनात एक काटा नाही. त्यांच्या आधीचे बोंबील. "नरम मानूस. कुनी दाबला की दबला," असं ती अजून म्हणते. एक काटेरी शिंगाळा फादर होऊन गेले, त्यांच्याजवळ जायला बाया घाबरायच्या. बिशपांना तिने घोळ ठरवलंय. "लय मोठा, लय महाग, आनि वर्सातनं येकदा येतो."

आमच्या चर्चमध्ये घंटा वाजवणारे, वेदीची तयारी करणारे जॉनीकाका आहेत. तिच्या हिशेबात ते सुका बांगडा. काकांना हे कळलं तेव्हा ते शांतपणे मेणबत्त्या पुसत म्हणाले, "आनि ती चिंबोरी. आडवी चालते, कुनाला पुढं जाऊ देत न्हाय."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना फादर प्रकाश आले.

फादर प्रकाश नगरकडचे. उंच, किडकिडीत, बोलायला हळू. आले त्या संध्याकाळी मावशी मुद्दाम थांबली होती. नव्या फादरांचं पहिलं जेवण म्हणजे तिच्या दृष्टीने परीक्षाच, त्यांची. आमच्या चौक गावाच्या किनाऱ्यावर बोटी लागल्या तेव्हा ती स्वतः जाऊन उभी राहिली होती.

"हलवा हाय, रावस हाय, बोंबील तं आताच बोटीतनं उतरलाय," ती म्हणाली. "काय घेनार फादर?"

"मावशी, मी मासे खात नाही."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"पोट बिघडलंय?"

"नाही. लहानपणापासूनच नाही खाल्ले. आमच्याकडे पाणीच नाही, मासे कुठले? आता वास आला तरी मळमळतं."

उत्तनच्या बाजूला राहायला आलेला माणूस हे बोलत होता. बाहेर अख्ख्या किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. आमच्या ऑफिसच्या कागदांनासुद्धा तो वास आहे.

"फादर," मावशी गंभीरपणे म्हणाली, "प्रभूनं पाच हजार लोकांना काय वाटलं व्हतं?"

"भाकरी आणि मासे."

"मंग?"

"मी भाकरीच्या बाजूचा आहे, मावशी."

मी हसू दाबायला खोकले. मावशी हसली नाही. ती आत गेली आणि भांडी जोरात वाजली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला कानात निकाल सांगितला, "मासाच न्हाय त्याच्यात. गवार हाय ती, गवार." तेव्हापासून ते गवार फादर.

मग बंगल्यात युद्धाचे दिवस सुरू झाले. फादर पिठलं मागायचे. मावशी पिठलं करायची, पण त्यात आपला बाटलीतला मसाला आणि वर कोकमाचं आगळ घालायची. त्या पिठल्याचा रंग पाहून जॉनीकाका म्हणाले होते, "यात मासं टाकायचं राहिलं वाटतं." बाजरीची भाकरी तर तिने आयुष्यात थापली नव्हती. आमच्याकडे तांदळाची. बाजरीचं पीठ तिच्या हातात फुटायचं, तव्यावर नकाशे पडायचे आणि ती त्या पिठालाच बोलायची, "कोरडं रे कोरडं, त्याच्या गावासारखं."

फादर निमूट खायचे. पण मुळात किडकिडीत असलेला माणूस आणखी वाळत चालला. गावातल्या बाया मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, मावशीला गाठून विचारू लागल्या, "नतालीन, फादरला जेवाया घालत न्हाय काय?" हे तिच्या वर्मी लागलं. तिच्या हातचं खाऊन आजवर प्रत्येक फादर जाड होऊन बदलीवर गेला होता.

तिने मग युक्ती केली. एका दुपारी फादर जेवता जेवता थांबले. ताटाकडे वाकून पाहू लागले. मी सह्या घ्यायला कागद घेऊन दारात उभी होते.

"मावशी," ते म्हणाले, "या वांग्याला मिश्या आहेत."

"शेतातली वांगी हाय फादर. असतात बारीक केस."

"डोळेपण आहेत."

जवळा होता तो, अगदी बारीक कोळंबीसारखा. सुका जवळा तिने भाजून, चुरून वांग्यात मिसळला होता, पण काही मंडळी चुरायची राहून गेली होती. फादर रागावले नाहीत. ताट सरकवलं, दोन केळी खाल्ली आणि उठले. रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः ओट्याशी उभं राहून पिठलं केलं. मावशी दाराला टेकून उभी. तिचा चेहरा असा, की जणू तिला नोकरीवरून काढलंय.

"देवाचा मानूस चुलीशी," ती मला म्हणाली, "आनि मी हितं खांबासारखी उभी. माझी लाज काढली गं यानं."

पुढे ईस्टरनंतर फादरांनी आपल्या आईला आणलं. शांताबाई. डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन भाईंदरच्या एका हॉस्पिटलात व्हायचं होतं. आई येणार म्हटल्यावर मावशी कंबर कसून तयार झाली. "आता दोन गवारी," ती म्हणाली. "सून करून टाकतील मना माझ्याच किचनमध्ये."

शांताबाई उतरल्या त्या नऊवारीत, काखोटीला बाजरीच्या पिठाची पिशवी. ऑपरेशन झालं, एका डोळ्यावर पट्टी बसली, दुसऱ्याने धूसरच दिसायचं, आणि दिवसभर फादरांना वेळ नसल्यामुळे पट्टी सोडून डोळ्यात थेंब घालायचं काम मावशीकडे आलं. पहिले थेंब तिने खालमानेने घातले. शांताबाईंनी चाचपडत तिचा हात धरला.

"तूच व्हय जेवू घालतीस माझ्या लेकराला?"

"मी घालते. तो खात न्हाय," मावशी म्हणाली.

"त्यो लहानपनापासून तसलाच हाये. माझ्या हातचं बी निम्मं टाकायचा."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर असा उजेड मी पाहिला नव्हता.

त्यानंतर त्या दोघी ओट्यापाशीच सापडायच्या. पट्टी बांधलेल्या डोळ्याने शांताबाई खुर्चीवर बसायच्या आणि नुसत्या आवाजावरून भाकरी शिकवायच्या. "आगं, थोबाडीत मारल्यावानी नगं थापू. लेकराच्या पाठीवर थापत्यात तशी थाप." मावशी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे, पण ऐकायची. भाकरी फुगली त्या दिवशी ती ताट घेऊन माझ्या ऑफिसात आली, घंटेच्या दोराशी जाऊन जॉनीकाकांना दाखवून आली. काकांनी भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला आणि म्हणाले, "बरी हाय. आनखी दे."

आता शांताबाईंची गोष्ट. एका सकाळी फादर शेजारच्या मोर्वा गावात आजारी माणसाच्या घरी प्रार्थनेला गेले होते. मी पाणी प्यायला आत गेले तर तव्यावर बोंबील तडतडत होते आणि शांताबाईंची मान त्या दिशेला वळलेली.

"काय करतीस गं नतालीन? वास लई ब्येस येतुया."

"तुमाला न्हाय चालायचा."

"आन तर बघू."

त्यांनी एक खाल्ला. मग दुसरा. मग पाय वर घेऊन नीट बसल्या. "आवं, लोण्यावानी हाये की ह्ये! मला येवढी म्हातारी झाल्यावर कळलं व्हय!" मग आवाज खाली आणून, "प्रकाशला सांगू नगा."

त्याच वेळी फादर दारात उभे राहिले. मोर्व्याचा माणूस बरा होता, त्यामुळे ते लवकर परतले होते.

"आई!"

शांताबाईंनी पट्टीला हात लावला. "मला काय दिसतंय का बाबा? मला वाटलं भजी हाये."

मावशी ओट्याला धरून हसली. तिचं हसणं तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं. फादरही हसले, नाकाला रुमाल लावून हसले. त्या दिवसापासून बंगल्यातलं युद्ध संपलं. फादरांना भाकरी-पिठलं मिळू लागलं, तेही आगळाशिवाय, आणि त्यांच्या आईला रोज मासा.

डोळा बरा होऊन शांताबाई गावी गेल्या. पण फोन यायचा तो बंगल्याच्या फोनवर, आणि लेकासाठी नसायचा. मावशी कणकेच्या हाताने रिसीव्हर धरून बोलायची. एक समुद्राची बोली, एक माळरानाची. एकमेकींचं निम्मं कळत नसावं. तरी दोघी बोलत राहायच्या. फादर मध्येच डोकावून विचारायचे, "माझ्याशी बोलायचंय का आईला?" मावशी हात हलवून त्यांना घालवून द्यायची.

पावसाळा सरला आणि एका सकाळी गावाहून फोन आला. तो मी घेतला, जॉनीकाका समोरच होते. शांताबाई झोपेतच गेल्या होत्या.

फादरांना सांगायला मी वर गेले. ते ऐकून खाटेवर बसले, मग उठून कपडे भरू लागले. मी खाली आले तर मावशीला जॉनीकाकांनी सांगितलेलं होतं. तिने गॅस बंद केला, एप्रन काढून खुंटीला लावला आणि म्हणाली, "मी येते."

चौक-उत्तनच्या पलीकडे ती लग्नाबाप्तिस्म्याशिवाय कधी गेली नव्हती. फादर, मावशी, काका आणि मी, चौघं गाडीने निघालो. घाट चढल्यावर ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. कुठेच पाणी दिसेना. "कसं राहत असतील गं मानसं," एवढंच म्हणाली.

गावात पोचल्यावर मात्र ती घरचीच झाली. कोण आलं, कुणाला पाणी दिलं, कोणती म्हातारी उन्हात बसलीय, सगळं तिने हातात घेतलं. मिस्सा फादरांनी स्वतः केली. आवाज हलला नाही त्यांचा. मग दफनभूमीत प्रत्येकाने मूठमूठ माती टाकली. मी टाकली, काकांनी टाकली. मावशीने मूठ भरून घेतली आणि तशीच उभी राहिली.

लोक पांगले. काका गाडीकडे गेले. मी तिला न्यायला थांबले होते. फादर परत आले.

"मावशी, चला ना."

"फादर, येक विचारू?" ती खड्ड्याकडेच बघत म्हणाली. "माझा रॉनी जहाजावर हाय. तुमाला ठावं हाय."

मलाही ठाऊक होतं. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं की रॉनी खूप वर्षांत आला नाही आणि परदेशातच त्याने घर केलंय. ती बोलायची नाही, म्हणून आम्हीही विचारत नव्हतो.

"मी मेले तं त्याला फोन लागंल का न्हाय, कोन जाने. लागला तरी समुद्रातनं कसा येनार? हितं हिचा लेक व्हता, त्यानं माती टाकली. माझ्यावर कोन टाकंल?"

आयुष्यभर माणसांना जेवू घालणाऱ्या त्या बाईच्या पोटात हा प्रश्न किती दिवस होता, कुणास ठाऊक.

"मी टाकीन," फादर म्हणाले.

"तुमची बदली व्हनार."

"होऊ दे. जिथं असेन तिथून येईन."

"सगले तसंच बोलतात. पापलेट फादर पन बोलला व्हता, नाताळला येईन. कार्ड पन आलं न्हाय."

"मावशी, माझ्या आईने शेवटचा फोन कुणाला केला?"

मावशी मुठीतल्या मातीकडे बघू लागली.

"तुम्हाला केला. मला नाही. तुम्ही तिला काय काय बोललात ते आता मला तुमच्याकडूनच कळणार. म्हणून मी येत राहणार. मेल्यावर नाही, आधीपासून."

एवढं बोलले आणि दिवसभर न हललेला त्यांचा आवाज गेला. ते तिथेच मातीच्या ढिगाशी खाली बसले. अंगातला पांढरा झगा मातीने भरला.

मावशीने मुठीतली माती हळूच खाली सोडली. हात पदराला पुसले, मग त्यांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं. आजवर तिने एकाही फादराला नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

"चल प्रकाश," ती म्हणाली. "उन्हात बसू नको."