पाचारण: दिनांक, वेळ, ठिकाण

धर्मशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यासाठी देवावर श्रद्धा असलीच पाहिजे असं नाही. मात्र अर्जातला एकही रकाना रिकामा राहता कामा नये. या नियमाचा उत्तरार्ध अर्जाच्या पहिल्याच पानावर ठळक छापलेला आहे. पूर्वार्ध अनुभवानं कळतो. नोंदणी खिडकीवरचे काका गेली एकवीस वर्षं या नियमाची अंमलबजावणी करत होते. अर्ज हातात पडला की त्यांचं बोट रकान्यांवरून सरसर फिरायचं आणि रिकामी जागा दिसली की तिथंच थबकायचं. त्यामुळे सगळे त्यांना रकानेकाका म्हणत. मस्टरवर त्यांचं काहीतरी वेगळं नाव होतं, पण ते सांगायला त्यांच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागे.

यंदा मात्र काकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वरून पत्र आलं होतं: शुक्रवारी पाच वाजेपर्यंत किमान सहा विद्यार्थी न झाल्यास अभ्यासक्रम गोठवण्यात येईल आणि कर्मचाऱ्यांचे ‘अन्यत्र समायोजन’ करण्यात येईल. सोबत जोडलेल्या यादीत काकांच्या नावापुढे शहराबाहेरचं मोडक्या बाकांचं गोदाम होतं. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना माणसानं मोडके बाक मोजत बसायचं म्हणजे काय! बुधवार उजाडला आणि काकांकडे अर्ज होते पाच.

ते पाचही अर्ज अगदी चोख होते. एकाला वसतिगृहातली खोली सोडायची नव्हती. दुसऱ्याला वाचनालयात बसून भलत्याच परीक्षेचा अभ्यास करायचा होता. तिसऱ्याला वडिलांनी ‘नुसता घरी बसू नकोस’ असं बजावलं होतं, चौथ्याला बसचा पास हवा होता आणि पाचवीला मुलं बघायला सुरुवात केलेल्या आईला ‘अजून शिकतेय’ असं सांगायचं होतं. पाचांपैकी एकानंही वर्ग कुठल्या मजल्यावर आहे हे विचारलं नव्हतं.

बुधवारी दुपारी खिडकीशी सहावी अर्जदार आली. सरकारी दवाखान्यातली सिस्टर, वय पस्तिशीच्या आसपास, ड्युटीवरून थेट आलेली. काकांनी मनातल्या मनात देवाला हात जोडले. बोट रकान्यांवरून धावलं आणि चौदाव्यावर थबकलं.

चौदावा रकाना होता ‘दैवी पाचारणाचा तपशील: दिनांक, वेळ, ठिकाण, दोन साक्षीदार’. म्हणजे साध्या भाषेत, या शिक्षणासाठी देवाचं बोलावणं तुम्हाला कधी आलं ते लिहा.

“सिस्टर, इथं तुम्ही ‘आलं नाही’ असं लिहिलंय.”

“नाहीच आलं, काका.”

“अहो, पण ‘आलं नाही’ हा दिनांक होत नाही.”

“मग काय लिहू?”

काकांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं नमुना अर्ज चिकटवलेला होता. चौदा वर्षांपूर्वी कुणीतरी तो भरला होता: तीन ऑगस्ट, सकाळी दहा चाळीस, नदीकाठी; साक्षीदार एक शिक्षक व एक सुतार. तेव्हापासून प्रवेश घेतलेल्या सगळ्या एकशे बारा विद्यार्थ्यांना त्याच तीन ऑगस्टला, त्याच मिनिटाला, त्याच काठावर बोलावणं आलं होतं. यंदाच्या पाचांपैकी एक त्या वेळी दुसरीत होता, तरी तो नदीवर पोचला होता. तो सुतार कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण एकशे बारा पाचारणांना जातीनं हजर राहणारा असा माणूस विरळाच.

“त्या दिवशी माझा शरीररचनेचा पेपर होता,” सिस्टर म्हणाली. “दहा ते एक. मी नदीवर कशी असेन?”

एकवीस वर्षांत काकांना असं उत्तर मिळालं नव्हतं. त्यांनी तिला सरळ साहाय्य कक्षात नेलं.

विद्यार्थी साहाय्य व नोंदणी प्रोत्साहन कक्षात प्रोत्साहनताई बसत. बाई मनानं मोठी. समोर कुणीही आलं की आधी पाणी, मग रुमाल आणि मग एक पुस्तिका द्यायच्या. पुस्तिकेचं नाव होतं ‘तुमचे पाचारण ओळखा: सहा सोप्या पायऱ्या’.

“घाबरायचं नाही हं,” ताई म्हणाल्या. “पुष्कळांना आलेलं असतं, फक्त लक्षात नसतं. डोळे मिटा. पाणी दिसतंय?”

“नाही.”

“झाडं तरी?”

“ताई, मी रात्रपाळी करून आलेय. डोळे मिटले तर इथंच झोपेन.”

ताईंनी वहीत ‘प्रतिसाद सकारात्मक, विश्रांतीची गरज’ अशी नोंद केली. मग दार लोटून घेत त्यांनी विचारलं, “पण बोलावणं नाही, तर तुम्हाला हे शिकायचंय कशाला?”

सिस्टरनं पुस्तिका मिटून टेबलावर ठेवली. “माझ्या वॉर्डात माणसं जातात,” ती म्हणाली. “जाण्याआधी हात धरून विचारतात, सिस्टर, पलीकडे कुणी असेल का हो? मी म्हणते, असेल ना, झोपा तुम्ही. मला माहीत नसताना म्हणते. परवा एक आजोबा म्हणाले, पोरी, खरं सांग. मला काही सांगता आलं नाही. म्हणून शिकायचंय.”

काकांनी उगाच खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं. ताईंनी रुमाल पुढं केला आणि शेवटी स्वतःच वापरला. नंतर त्या म्हणाल्या की हे सगळं फार हृद्य आहे, पण याला रकाना नाही.

प्रकरण पाचारण छाननी समितीकडे गेलं. ही समिती चौदा वर्षांपूर्वी नेमली होती आणि गरज न पडल्यामुळे एकदाही बसली नव्हती. गुरुवारी ती प्रथमच बसली. प्राचार्य अध्यक्ष, ताई सदस्य आणि तिसरे म्हातारे प्राध्यापक. हे प्राध्यापक रोज ठरल्या वेळी रिकाम्या वर्गात जात, तासभर बसत आणि परत येत. काका कागद सांभाळायला दाराशी उभे होते.

“तुम्हाला बोलावणं आलं नाही, याला पुरावा काय?” प्राचार्यांनी विचारलं.

“न आल्याचा पुरावा कसा देणार, सर?”

“दोन साक्षीदार लागतील. ज्यांच्यासमोर ते आलं नाही.”

“वॉर्डातले सगळेच सांगतील.”

“ते नात्यातले नकोत,” प्राचार्य म्हणाले आणि आपण नियमाला धरून बोललो याचं त्यांना समाधान वाटलं.

मग सिस्टरनं विचारलं, “एक विचारू? ती नदी कुठली? आपल्या शहरात तर नदी नाही.”

प्राध्यापक खिडकीबाहेर बघू लागले, जणू तिकडून एखादी वाहत येईल. अखेर प्राचार्य म्हणाले, “भूगोल या समितीच्या कक्षेत येत नाही.”

ताईंनी मधला मार्ग सुचवला: ‘आले’ असं लिहावं आणि पुढे कंसात ‘पुष्टी अपेक्षित’ म्हणावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनी पेन पुढं केलं. त्या एका शब्दावर त्यांची खिडकी टिकून होती.

सिस्टरनं पेन घेतलं नाही. “काका, मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलायला लागू नये म्हणून मी इथं आले. सुरुवातच खोट्यानं करू?” ती पिशवी उचलून गेली. प्राचार्यांनी शेरा मारला: ‘अर्जदार प्रामाणिक असल्याने अपात्र.’ मग त्यांना ते बरं वाटेना म्हणून ‘प्रामाणिक असल्याने’ एवढं खोडलं.

संध्याकाळी काकांना जेवण गेलं नाही. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि ताट पुढं सरकवत म्हणाली, “अहो, सहावा माणूसच हवाय ना? मग तुम्हीच भरा की अर्ज!”

“मी? मला कुठं बोलावणं आलंय?”

“त्या पाचांना आलंय?”

काका घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि बाई इतकी हुशार आहे हे त्यांना अजूनही अधूनमधून नव्यानं कळत होतं.

शुक्रवारी पावणेपाचला काका खिडकीच्या बाहेर आले, रांग नसताना रांगेत उभे राहिले आणि त्यांनी अर्ज भरला. चौदाव्या रकान्याशी पेन अडखळलं. आजवर लोकांकडून भरून घेतलेला तो रकाना त्यांनी स्वतः कधीच भरला नव्हता. मग त्यांनी भिंतीकडे मान वळवली आणि उतरवून काढलं. अर्ज खिडकीतून आत सरकवला, आत जाऊन घेतला, तपासला, शिक्का मारला. सगळं मिळून चार मिनिटं लागली.

अभ्यासक्रम गोठण्यापासून वाचला. आता विद्यार्थी म्हणून काकांना तासाला बसणं भाग होतं. सोमवारी ते वर्गात शिरले तर पहिल्या बाकावर सिस्टर. घाबरून त्यांनी नियमावली उघडली. नोंदणी नसलेल्यानं वर्गात बसू नये असा नियम कुठंच नव्हता, कारण असं कुणाला करावंसं वाटेल हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. “बसा, बसा,” काका म्हणाले आणि त्यांना एकदम हलकं वाटलं.

प्राध्यापक आले, दोन माणसं बघून दारातच थबकले. “कुणी वारलं का?” त्यांनी विचारलं.

“वॉर्डातले ते आजोबा वारले,” सिस्टर म्हणाली आणि तिनं त्यांना तो प्रश्न विचारला. पलीकडे कुणी असेल का?

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. “मला माहीत नाही,” ते म्हणाले. अकरा वर्षांनी त्यांना कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. म्हातारा आनंदानं नुसता फुलून गेला होता. “पण लोकांनी यावर किती डोकी फोडलीत म्हणून सांगू! चला, पहिल्यापासून बघू.” तास संपल्याची घंटा कुणालाच ऐकू आली नाही, काकांनाही नाही. त्या दिवशी नोंदणी खिडकी पन्नास मिनिटं उशिरा उघडली.

वर्षाअखेरीचा अहवाल उत्तम झाला. सहा विद्यार्थी, हजेरी शंभर टक्के, सहाही जणांचं पाचारण निर्विवाद. वरून अभिनंदनाचं पत्र आलं. सिस्टरचं नाव कुठंच नव्हतं आणि ती एक दिवसही चुकली नव्हती. आता वॉर्डात कुणी हात धरून विचारलं की ती म्हणते, “मला माहीत नाही, पण मी इथं आहे,” आणि बसून राहते. काका हे ज्याला त्याला सांगतात.

ऐकणारे पोट धरून हसतात. तुम्हीही हसला असाल. हसा की! फक्त लेकीच्या शाळेचा अर्ज आठवा. ‘हीच शाळा का निवडली?’ शाळा घराच्या कोपऱ्यावर होती आणि बाकीच्या दोन शाळांनी प्रवेश नाकारला होता. तुम्ही पेन तोंडात धरून विचार केलात आणि लिहिलंत, ‘संस्काराधिष्ठित शिक्षणाची आपली परंपरा पाहून’. लेक शेजारीच बसली होती. नुकती कुठं वाचायला शिकली होती, म्हणून तिनं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, “बाबा, हे खरंय?”