मेधाच्या नावातला एच

लीड्सच्या नोंदणी कचेरीत पद्माकर बनसोडेनं मुलीचं नाव चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून दिलं: मेधा. त्याच्या अक्षरात एच आणि ई म्हणजे जुळे भाऊ. नोंद समोर आल्यावर त्यानं पत्ता तपासला, पोस्टकोड तपासला, स्वतःचं आडनाव दोनदा तपासलं आणि सही ठोकली. घरी आल्यावर कळलं, एचच्या जागी ई पडून मुलगी 'मिडीया' झाली होती.

"एका अक्षराचा तर फरक. करू दुरुस्त," तो बायकोला, रेखाला म्हणाला.

मंगळवारी हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरोघरी बाळं तपासणाऱ्या सरकारी नर्स, मिसेस हॉलरॉइड बाळाचं वजन करायला आल्या. कार्डावरचं नाव वाचून त्यांचा हात काट्यावरच थांबला.

"नाव कोणी ठेवलं?"

"मीच," रेखा अभिमानानं म्हणाली.

"अच्छा. राग वगैरे येतो का तुम्हाला?"

"येतो की! पण ह्यांच्यावर. बाळावर कशाला येईल?"

मिसेस हॉलरॉइड वहीत बराच वेळ लिहीत बसल्या.

पुढच्या आठवड्यात त्या दोनदा आल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात तीनदा. घरातल्या सुऱ्या कुठे ठेवता, हेही विचारून गेल्या. रेखा हरखली. "सर्व्हिस म्हणावी तर ही! शेजारच्या सूझनकडे महिन्यातून एकदा जातात."

मग एके दिवशी त्यांनी पद्माकरलाच दारात गाठलं.

"मिस्टर बनसोडे, स्पष्ट विचारते. तुमचं बाहेर कुठे काही नाही ना?"

"बाहेर? बाहेर माझी फक्त गाडी आहे."

"मग मुलीला असलं नाव कशाला? लायब्ररीत जाऊन वाचा एकदा."

शनिवारी पद्माकरनं वाचलं आणि पुस्तक घरीच आणलं. ग्रीक पुराणातल्या ह्या मिडीयानं नवऱ्यावर सूड म्हणून पोटची दोन मुलं मारली होती. दुरुस्तीच्या फॉर्मवर आईचीही सही लागत होती. त्यानं फॉर्म आणि पुस्तक रेखापुढे ठेवलं.

"आईपासून धोका आहे म्हणून कौन्सिलवाले येऊन मेधाला घेऊन गेले तर? आधी सही कर."

रेखानं पुस्तक हातात घेतलं. "थांबा हो. नवऱ्यानं काय केलं तेही लिहिलंय. हिनं त्याच्यासाठी माहेर सोडलं, परमुलखात आली, आणि ह्यानं राजाच्या मुलीशी दुसरं लग्न जमवलं."

"मी कुठे काय केलंय?"

"मी कुठे काय म्हणतेय?" तिनं पान उलटलं. "नावाचा मूळ अर्थ दिलाय: विचार करणारी, बेत रचणारी. म्हणजे आपली मेधाच की! बुद्धी ती बुद्धीच."

तिनं मिसेस हॉलरॉइडना बोलावून सगळा घोळ सांगितला. बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या आणि त्यानंतर महिन्यातून एकदाच येऊ लागल्या.

फॉर्म मात्र सहीविना फ्रिजवर तसाच राहिला. पद्माकर आठवण करायचा. "शाळेत घालेपर्यंत करते की," रेखा शांतपणे म्हणायची, आणि पद्माकर न सांगता नॅपी बदलायला उठायचा.