फ्रीजमधलं लिंबू

मी फ्रीजला हात लावत नाही. सून वाढते, मी जेवतो. पण त्या दुपारी ताक स्वतःच घ्यायचं ठरवलं. तिथंच फसलो.

ताकाच्या भांड्यामागं बशीत एक लिंबू होतं. भोकंच भोकं पडलेलं. वर एक सुई उभी. शेजारी चेन लावलेली निळी पिशवी.

माझ्या घरात करणी! तीही फ्रीजमध्ये! (मी असलं काही मानत नाही. ताक मात्र तसंच ठेवलं.)

पोराच्या, कृष्णराजच्या लग्नाला सहा वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही. कारण आज सापडलं, असं वाटलं. सून हर्षाली मागच्या दारी धुणं धूत होती. ती भिईल म्हणून बोललो नाही. लिंबू फडक्यात धरलं, पिशवी उचलली. शिवेबाहेर टाकलं की संपलं.

मे महिना, भर बाराची वेळ. अणदूरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. ओसरीवरून गंगम्मानं विचारलं, "आण्णा, एवढ्या उन्हात कुठं?"

"शेताला."

"अन् चप्पल?"

मी थांबलो नाही. माती पोळत होती आणि पिशवी मढ्यासारखी गार होती. खालून पाणी ठिबकून पायावर पडू लागलं. आत काहीतरी किणकिणत होतं. मी चाललो की वाजायचं, थांबलो की थांबायचं.

मग मागून हाक आली.

"मामाऽ!"

आवाज हर्षालीचा. पण भर बाराला शिवेवर मागून हाक आली तर वळायचं नसतं, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. मी चाल वाढवली.

"मामा, थांबा ओ!"

आवाज पळायला लागला. मग धोतर वर धरून मीही पळालो. शिवेच्या दगडाशी लिंबू भिरकावलं. पिशवी टाकणार, तोच मागून माझं मनगट धरलं. धरणारा हात ओला होता. गार होता.

"सोड!" मी डोळे मिटून ओरडलो.

"मामा, म्या हाय. पिशवी द्या. औषध हाय त्यात."

डोळे उघडले. हर्षालीच होती. हाताला साबणाचा फेस, डोळ्यांत पाणी.

"कसलं औषध?"

"लेकरू व्हावं म्हणून. रोज सांजच्याला पोटात सुई घ्यायची. लाईट जाती म्हणून बर्फात ठिवलंय. आज चुकलं तर ह्या महिन्याचं सगळं वाया जातंय."

"अन् लिंबू?"

"ह्यांचा हात लई थरथरतो. नर्सबाई म्हणल्या, आधी लिंबावर शिका."

"मला का न्हाय सांगितलं?"

"असलं काय निघालं की तुमी उठून जाता."

मी पिशवी चाचपली. बर्फ शिल्लक होता. डोक्याचा पटका सोडून तिच्यावर गुंडाळला. बोडक्या डोक्यानं मी गावात कधी शिरलो नव्हतो. त्या दिवशी शिरलो.

संध्याकाळी कृष्णराजनं बायकोला सुई दिली. मी अंगणात पाठ करून उभा होतो. उठून गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीसाठी तिघं धाराशिवला निघालो. शिवेजवळ रिक्षावाल्यानं ब्रेक मारला.

"आण्णा, पुढं सुई टोचलेलं लिंबू पडलंय. सकाळधरनं कुणी तिथनं गेलं न्हाय."

"भितोस कशाला? आमच्याच फ्रीजमधलं हाय," म्हणत मी रुबाबात उतरलो.

लिंबू रात्रीत काळं पडलं होतं. सुई तशीच उभी. चहूकडं चिडीचूप. मी वाकलो.

"मामाऽ," मागून हाक आली, "उचला की. आपलंच हाय."

मी वळलो नाही. तसाच उलट्या पावली मागं सरकत रिक्षात येऊन बसलो.

"वावरातनं घे," मी रिक्षावाल्याला म्हणालो.