दारासमोरचा खड्डा आणि पडताळांकाच्या चार चौकटी

खिडकीवर टाइप केलेला अर्ज मुख्य कार्यालयात पोचेपर्यंत त्यातली एखादी ओळ वाटेतच गळते, हे तीन समित्यांनी मान्य केल्यावर खात्याने उपायाचं काम प्रोग्रामरकडे सोपवलं. त्याने अकरा ओळींचा प्रोग्राम लिहिला. संगणकात प्रत्येक अक्षराला एक नंबर असतोच. अर्जातल्या सगळ्या अक्षरांची बेरीज करायची, ती अर्जासोबत पाठवायची, पलीकडे पुन्हा बेरीज करून बघायची. जुळली, तर अर्ज धडधाकट पोचला. या बेरजेला खात्याने ‘पडताळांक’ असं भारदस्त नाव दिलं. मात्र फॉर्मवर त्यासाठी चारच चौकटी छापल्या होत्या, आणि फॉर्म छापून झाले होते दोन लाख. त्यामुळे प्रोग्रामला बारावी ओळ जोडावी लागली: बेरजेचे शेवटचे चार आकडे ठेवावेत, बाकीचे सोडून द्यावेत.

काही महिने बरे गेले. मग मुख्य लिपिकांच्या लक्षात आलं की, पडताळांक हाताशी असताना अर्जही वाचणं म्हणजे एकच काम दोनदा करणं. त्यांनी परिपत्रक काढलं. यापुढे अर्जातला नाव-पत्ता तेवढा पाहावा, बाकी अर्ज पडताळांकावरूनच ओळखावा आणि त्या पडताळांकावर पूर्वी जो निर्णय झाला असेल तोच लागू करावा. अर्ज मिनिटामिनिटाला निकाली निघू लागले. प्रोग्रामरला मानचिन्ह मिळालं.

त्याच आठवड्यात खात्याने त्याच्या घरासमोर पाइपासाठी खड्डा खणला, पाइप टाकला आणि खड्डा तसाच ठेवून माणसं निघून गेली. प्रोग्रामरची आई चौऱ्याहत्तरची, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. समोरच्या इमारतीत तिची धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली. रोज दुपारी जाऊन आई तिचे केस विंचरून द्यायची. आता फळीवरून जायचं तर गुडघ्यांची तयारी नव्हती, आणि फळी टाकणं हा खात्याच्या कामात अडथळा ठरत होता. दोघी बहिणी खिडकीतून एकमेकींना हात करत.

“आज तिने हात वर केला नाही रे,” आई एकदा म्हणाली.

प्रोग्रामरने आईच्या नावाने खड्डा बुजवण्यासाठी अर्ज केला. आठव्या दिवशी सहा माणसं आली आणि खड्डा आणखी दोन हात खोल करून गेली. पूर्वी कुणीतरी आपल्या आवारातला खड्डा खोल करून मागितला होता. त्या अर्जाचा पडताळांक ४१७२ होता, आईच्या अर्जाचाही तोच.

तो मुख्य लिपिकांकडे गेला. दोन वेगळ्या अर्जांची बेरीज एकच येऊ शकते, नंबर मुळात दहा हजारच आहेत, हे त्याने कागदावर मांडून दाखवलं.

“म्हणजे तुमचा प्रोग्राम चुकतो म्हणा की.”

“चुकत नाही, साहेब. वाटेत अर्ज बदलला का, एवढंच तो सांगतो. अर्जात काय आहे ते नाही सांगत.”

“मग ते कोण सांगणार?”

“वाचावं लागेल.”

मुख्य लिपिकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बेचाळीस माणसं आहेत माझ्या हाताखाली. या वयात कुणाला वाचायला बसवू?”

प्रोग्रामरने शब्द बदलून दुसरा अर्ज केला. खड्ड्याच्या तळाशी एक बाक बसवून मिळालं. तिसऱ्या अर्जाने तिथे दिव्याचा खांब आला. खड्ड्यात आता बसायची आणि उजेडाची चोख व्यवस्था झाली होती.

शेवटी त्याने नोंदवही चाळली. खड्डा बुजवण्याचा आदेश एकदाच निघाला होता, ०६३८ या पडताळांकावर. त्या अर्जाची नक्कल करावी, तर नाव-पत्ता बदलताच बेरीज बदलणार. मग त्याने उलटा प्रोग्राम लिहिला. नाव-पत्ता आईचा ठेवायचा आणि ०६३८ येईपर्यंत खात्यातल्या जुन्या पत्रांमधली वाक्यं जोडत जायची. तासाभरात पत्र तयार झालं: ‘आमच्या दारासमोर खणलेल्या खड्ड्याबद्दल आम्ही सहकुटुंब आपले ऋणी आहोत. असाच आणखी एक खणावा.’

आईला सही करण्याआधी वाचायची खोड होती.

“हे काय लिहिलंयस? आणखी एक खणावा?”

“आई, ते कुणी वाचत नाही.”

“मी वाचलं ना.” तिने पेन खाली ठेवलं. मग समोरच्या खिडकीकडे पाहिलं. पडदा सकाळपासून ओढलेलाच होता. तिने पेन उचललं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत बाक आणि खांबासकट खड्डा बुजला. प्रोग्रामरचा हात धरून आई रस्ता ओलांडून गेली. मावशीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. “इतके दिवस कुठे उलथली होतीस?” म्हणाली आणि डोकं पुढे केलं.

संध्याकाळी अकरा शेजारी पत्राची प्रत मागायला आले. प्रत्येकाच्या दाराशी काही ना काही होतंच. प्रोग्रामर ज्याला हवा त्या नंबरचं पत्र काढून देऊ लागला. ‘आणखी एक खणावा’ हे वाक्य बहुतेक बेरजांमध्ये चपखल बसायचं. महिन्याभरात गावभर पत्रं गेली. काय लिहिलंय, असं कुणी विचारलं नाही.

वर्षाअखेरीस वरून जनतेच्या मागण्यांचा आढावा मागवण्यात आला. वाचायला माणूस नसल्याने कोणतं वाक्य किती पत्रांमध्ये आलंय, ते यंत्राने मोजलं. एवढं एकमत खात्याच्या इतिहासात झालं नव्हतं. दारोदारी आणखी एक खड्डा खणायची योजना त्याच दिवशी मंजूर झाली.

तुमच्या दारासमोरही चुन्याची रेघ मारून गेलेत म्हणे. हरकत घ्यायला महिनाभराची मुदत आहे. नोटिशीसोबत मूळ मागणीपत्राची प्रत लावलीय. हरकत लिहायला बसण्याआधी त्या पत्राखालची सही तेवढी नीट बघून घ्या.